वाढीव खोली नको, ओसरी हवी

घराला बागेशी जोडणाऱ्या वाढीव बांधकामाची कसोटी एकच: वर्षभरात त्या जागेत माणसे किती वेळ बसतात, निजतात आणि कामे करतात. आतून झाडे किती छान दिसतात, हा नंतरचा प्रश्न. तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलेली फॅशन मात्र दिसण्यालाच पहिला मान देते. हॉलची मागची भिंत पाडा, तिथे स्लॅबपर्यंत सरकत्या काचेची दारे बसवा, आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीवर आणा, समोर हिरवळ लावा, म्हणजे घर आणि बाग एक झाली, असे ती सांगते. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात हा सल्ला ऊन, माती, पाणी, बांधकामाची मजबुती आणि घरातली कामे या पाचही बाबतींत चुकतो. इथे घर आणि बाग यांना जोडायचे तर दोघांच्या मध्ये सावलीची, छप्पर असलेली, भिंत नसलेली जागा हवी. तिला मराठवाड्यात ओसरी म्हणतात.

तक्रार खरी, उपाय चुकीचा

काचेच्या भिंतीचे समर्थक ज्या तक्रारीपासून सुरुवात करतात ती खोटी नाही. सेनगावात घरे ढोबळमानाने दोन प्रकारची. गावठाणातली जुनी घरे दगड, माती आणि लाकडाची. ढाळजेतून आत गेले की अंगण, अंगणाच्या कडेने ओसरी, ओसरीमागे माजघर आणि शेवटी परसदार. नव्या प्लॉटिंगमधली घरे विटा, कॉलम आणि स्लॅबची. पुढे गेट आणि गाडीची जागा, मग हॉल, त्यामागे स्वयंपाकघर आणि कुंपणापर्यंत उरलेली एक चिंचोळी पट्टी. या दुसऱ्या घराने परसाकडे पाठ फिरवली आहे. मागे एक पत्र्याचे दार, एक लहान खिडकी, बाहेर पाण्याची टाकी आणि अडगळ. अशा घरात राहणाऱ्याला बाग हवीशी वाटणे स्वाभाविक आहे.

ओसरी गेली कशी, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरची मातीची जड माळवदे कोसळली आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यानंतर मराठवाड्यात जुन्या बांधकामावरचा विश्वास उडाला आणि स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षित घर हे समीकरण पक्के झाले. बांधकामाचे साहित्य बदलणे योग्यच होते. पण साहित्याबरोबर घराचा आराखडाही बदलला. माळवद धोक्याचे होते, ओसरी नव्हती. तरी दोन्ही एकदमच टाकून दिली गेली. आज जाणवणारी उणीव त्या ओसरीची आहे. ती काचेने भरून निघत नाही.

काचेची भिंत कुणाच्या कामाची

काचेच्या घराची कल्पना ज्या प्रदेशात रुजली तिथे सूर्य दुर्मीळ असतो. लंडनला 21 डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो. तिथल्या माणसाने घराला बागेच्या बाजूने काचेची खोली जोडली, तर तो मिळेल तेवढे ऊन आत घेत असतो. सेनगाव सुमारे 19.8 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे त्याच दिवशी दुपारी सूर्य जवळजवळ 47 अंशांवर असतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो. तिथे ऊन आत आणायचे असते, इथे ते बाहेर ठेवायचे असते. एकाच उपायाने दोन्ही साधणार नाही.

थंड प्रदेशातही हा उपाय निर्विवाद ठरलेला नाही. वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या प्लॅनो गावाजवळ एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले, 1951 मध्ये पूर्ण झालेले घर चारही बाजूंनी काचेचे आहे आणि वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत ते आदर्श म्हणून छापले जाते. उन्हाळ्यातली उष्णता आणि किडे यांचा त्रास तिथे राहणाऱ्या मालकिणीला भोगावा लागला. शेवटी घराच्या व्हरांड्याला जाळी लावून घ्यावी लागली. जगातले सर्वांत गाजलेले काचेचे घर राहण्याजोगे करायला जाळीदार पडवी लागली, ही बाब या घराची छायाचित्रे दाखवणारे सहसा सांगत नाहीत.

भारतात काम करताना परदेशी वास्तुरचनाकारांनाही भूमिका बदलावी लागली. ल कॉर्बुझिए यांनी 1950 च्या दशकात अहमदाबादला मनोरमा साराभाई यांच्यासाठी बांधलेले घर बागेकडे पूर्ण उघडते, पण ते खोल, छायेच्या व्हरांड्यांमधून. महाराष्ट्रातले उदाहरण याहून जवळचे आहे. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला 1983 ते 1986 या काळात उभारलेली वसाहत मुळातच वाढत जाणाऱ्या घरांसाठी आखली होती. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक ठेवल्या नाहीत, म्हणजे प्रत्येकाला आपापले घर वाढवता यावे. प्रत्येक घराला स्वतःची आकाशाखालची मोकळी जागा दिली आणि सात सात घरांच्या गटाला सुमारे 8 मीटर बाजूचे सामाईक अंगण. किनाऱ्यावरचे दमट हवामान मराठवाड्याला लागू नाही. तत्त्व मात्र लागू आहे: आधी मोकळी जागा ठरते, मग तिच्याभोवती खोल्या वाढतात.

उन्हाचा हिशोब

पश्चिमेकडे तोंड असलेले, 3 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच काचेचे दार घेतले तर त्याचे क्षेत्रफळ 7.2 चौरस मीटर होते. मे महिन्यात दुपारी चारच्या पुढे पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला 500 वॅट ऊन पडते असे धरले, तर तो हात राखून धरलेला आकडा आहे. साधी एकेरी काच त्यातले सुमारे 80 टक्के आत सोडते. म्हणजे त्या एका दारातून जवळपास 2,900 वॅट उष्णता घरात शिरते. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो. दीड टनाच्या एसीची निम्म्याहून अधिक ताकद केवळ दारातून आलेल्या उन्हाशी झुंजण्यात जाईल. स्लॅब आणि इतर भिंतींमधून येणारी उष्णता वेगळीच.

सेनगावातल्या बहुतेक घरांत एसी नसतो, कूलर असतो. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण ओली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी उघडी लागते. बंद काचेच्या खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात नुसता दमटपणा वाढतो. काच उघडावी तर बाहेरची तापलेली हवा आणि धूळ आत येते. दुपारी वीज गेली की काचेची खोली सर्वांत आधी सोडावी लागते.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे पडदे लावा. पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत आल्यावर तो तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. शिवाय पडदा ओढल्यावर बाग दिसत नाही, म्हणजे ज्यासाठी भिंत पाडली तेच हरवते. दुसरे उत्तर नव्या प्रकारच्या, उष्णता अडवणाऱ्या दुहेरी काचेचे. तिच्यातली चांगली काचही चतुर्थांशाच्या आसपास उष्णता आत सोडते. ती महाग असते आणि फुटली तर तालुक्याच्या गावात लगेच मिळत नाही. वर काचेचे किंवा पॉलिकार्बोनेटचे छत घातले तर गारपिटीची भीती आहे. 2014 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट अजून विसरलेली नाही.

ऊन अडवण्याचे हेच काम ओसरी फुकट करते. ओसरीची खोली 1.8 मीटर आणि छपराच्या कडेची उंची जमिनीपासून 2.1 मीटर धरू. दक्षिणेकडे तोंड असेल तर 21 डिसेंबरला दुपारी बारा वाजता ऊन छपराच्या कडेपासून सुमारे 2 मीटर आत येते. म्हणजे थंडीत सगळी ओसरी उबदार होते आणि उन्हाची कड उंबऱ्याला लागते. मे महिन्यात त्याच वेळी सूर्य माथ्यावर असल्याने ओसरीत उन्हाचा थेंबही पडत नाही. कोणतेही यंत्र नसताना ऋतूप्रमाणे ऊन आत घेण्याची आणि अडवण्याची ही व्यवस्था केवळ छपराच्या मापातून होते.

पश्चिमेला मात्र हे माप पुरत नाही. मेमध्ये घड्याळात सव्वाचार वाजलेले असताना सूर्य सुमारे 34 अंशांवर असतो आणि 2.1 मीटर उंचीच्या छपराखालून ऊन 3 मीटरपेक्षा जास्त आत घुसते. म्हणून पश्चिमेला राहण्याची जागा काढू नये. तिकडे न्हाणीघर, जिना, कोठीची खोली असावी. पूर्वेची ओसरी सकाळी तापते, पण दुपारनंतर घराचीच सावली तिच्यावर पडत असल्याने उन्हाळ्याच्या संध्याकाळी बसायला तीच उत्तम. उत्तरेची ओसरी वर्षातला बराच काळ सावलीत असते. मे ते जुलै या काळात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तेवढे येते आणि ते बाजूच्या अरुंद आडभिंतीने अडते. बाग नेमकी पश्चिमेला असेल तर दार उत्तरेला किंवा दक्षिणेला काढून कोपऱ्यावरून बागेत उतरावे. पश्चिमेच्या बाजूला वेलींचा मांडव घालावा.

काळी माती आणि हिरवळ

या परिसरात कुठे काळी माती खोल असते, तर कुठे हात-दोन हातांवरच मुरूम लागतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला बोटे जातील एवढ्या भेगा पडतात. घराच्या एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की पाया असमान हलतो. दारांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा बऱ्याचदा त्याचीच खूण असतात.

सरकत्या काचेच्या दाराला लागून लावलेली हिरवळ नेमकी हीच परिस्थिती घडवते. भर मेमध्ये घराच्या तीन बाजू कोरड्या ठणठणीत आणि चौथ्या बाजूला पायाशी रोजचे पाणी. घर आणि बाग यांच्यात अंतरच नको, हा आग्रह काळ्या मातीत पायावर उलटतो. ओसरीमुळे मात्र भिंतीलगतची दोन मीटरची पट्टी छपराखाली येते. पाऊस आणि बागेचे पाणी पायापासून दूर राहते आणि तिथल्या मातीतला ओलावा फारसा बदलत नाही. ओसरीचा हा उपयोग डोळ्यांना दिसत नाही, पण घराचे आयुष्य त्याने वाढते.

हिरवळीचे पाणी हा वेगळाच खर्च आहे. 50 चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला किमान 5 मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर रोजचे 250 लिटर होतात. मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या 100 दिवसांत 25,000 लिटर, म्हणजे 5,000 लिटरचे पाच टँकर. हिंगोली जिल्ह्यात वर्षाला साधारण 800 ते 900 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. 30 चौरस मीटरच्या छपरावरचे पाणी नीट साठवले तरी वर्षाला 20,000 लिटरच्या आसपासच मिळेल. नवे बांधकाम आपल्या छपरातून जेवढे पाणी देईल त्याहून जास्त त्याच्यासमोरची हिरवळ एका उन्हाळ्यात पिऊन टाकेल. फेब्रुवारीनंतर हंडे मोजून पाणी भरणाऱ्या गावात हा हिशोब केल्याशिवाय हिरवळीचे रोल मागवणे शहाणपणाचे नाही.

परसाला पाणी देणारी सोय घरातच असते. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. त्या मानाने पाच माणसांच्या घरात रोज 275 लिटर पाणी येते आणि त्यातले निम्मे तरी अंघोळ व भांड्यांतून बाहेर पडते. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी, अळू, कर्दळ वाढवण्याची रीत जुनीच आहे. जे पाणी झाडांना लागत नाही ते शोषखड्ड्यात सोडावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी शोषखड्ड्यांनी गटारे आणि डास हटवले आणि ती पद्धत नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली गेली. फक्त हा खड्डा आणि केळीचे आळे पायापासून निदान 3 मीटर लांब असावे. नाहीतर जो दोष हिरवळीचा तोच केळीचा.

भिंत पाडण्याचा धोका

4 मीटरच्या भिंतीत 3 मीटरचे दार काढले तर भिंतीचा पाऊण भाग जातो. भूकंपरोधक बांधकामासाठीचे भारतीय मानक आयएस 4326 विटांच्या भिंतींवर उभ्या असलेल्या एकमजली घरात दारे-खिडक्यांची एकूण रुंदी धोक्याच्या वर्गानुसार भिंतीच्या लांबीच्या 50 ते 60 टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगते. लिंटेलच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा असावा, हाही त्यातला महत्त्वाचा नियम. काचेच्या दारासाठी भिंत पाडताना नेमका हा पट्टाच तोडला जातो. कॉलम-बीमचे घर आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. अनेक घरांत कॉलम नावालाच असतात आणि भार भिंतीच वाहत असतात. अभियंत्याने पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

ही भीती दूरची नाही. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका, असे आवाहन प्रशासनाला करावे लागले. अशा जिल्ह्यात चांगली भिंत पाडून तिथे काच उभी करणे म्हणजे विकतचे दुखणे.

ओसरीसाठी भिंत पाडावी लागत नाही. असलेल्या खिडकीखालचा भाग काढून तिचेच दार करता येते. रुंदी तीच राहते आणि वरचा लिंटेल जागेवर राहतो. एका मोठ्या दारापेक्षा दीड-दोन फुटांच्या भिंतीने वेगळी केलेली दोन साधी दारे बरी.

इथेच दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही उत्तर द्यावे लागते. वाड्यांच्या आठवणीत रमलेले काही जण जुनीच माळवदाची ओसरी पुन्हा बांधा म्हणतात. माळवदावर 30 सेंटिमीटर मातीचा थर असला तरी दर चौरस मीटरला सुमारे 480 किलो वजन होते. साडेबारा सेंटिमीटरच्या स्लॅबचे वजन 310 किलोच्या आसपास असते, आणि लोखंडी पाइपवरच्या पत्र्याचे 15 किलोच्या आतबाहेर. 1993 मध्ये माणसे मेली ती या वजनाखाली. जुन्या घराकडून आराखडा घ्यावा, वजन घेऊ नये. ओसरीचे छप्पर हलके असावे, एवढा धडा किल्लारीने दिलेला आहे.

वापर कुणाचा आणि कधी

सेनगाव तालुक्याची शेती सोयाबीन, तूर, कापूस आणि हळदीची. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या नोकरदाराच्या घरीही हंगामात चार पोती येऊन पडतात. तूर निवडणे, हळद वाळवणे, उन्हाळ्यात कुरडया आणि पापड घालणे, पावसाळ्यात कपडे वाळवणे, मुलांचा अभ्यास, आल्यागेल्याचा चहा, उन्हाळ्याच्या रात्री बाजेवरची झोप ही सगळी कामे घर आणि अंगण यांच्या मधल्या जागेत होतात. काचेच्या दारामागच्या गुळगुळीत टाइल्सच्या खोलीत यातले एकही काम नीट होत नाही. तिथे पोते ओढले की फरशीला ओरखडे पडतात आणि हळदीचा डाग निघत नाही.

डास आणि साप-विंचू हा मुद्दा तर नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतो. संध्याकाळी दिवा लागला की 3 मीटरचे उघडे दार किड्यांना आमंत्रण देते. डेंग्यूच्या दिवसांत ते दुपारीही बंद ठेवावे लागते. एवढ्या रुंदीच्या सरकत्या दाराला टिकाऊ जाळी बसवणे कठीण. परिणामी दार वर्षातला बहुतेक काळ बंदच राहते. न उघडणारे दार घराला बागेशी जोडत नाही. ओसरीवरच्या साध्या, जाळीच्या दुसऱ्या झडपेच्या दाराने हे काम होते. हवा येते, डास येत नाहीत.

आतबाहेर एकच पातळी ठेवण्याचा आग्रहही तपासून घ्यावा. जूनच्या पहिल्या वादळी पावसात पाणी जोत्यावर चढते. जोते आणि उंबरा त्यासाठीच असतो. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी पायरी अडचणीची, हा आक्षेप मात्र पूर्ण रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे घर आणि ओसरी एका पातळीत ठेवणे, त्यांच्यातला उंबरा जेमतेम बोटभर उंच करणे आणि ओसरीतून अंगणात उतरायला एका बाजूला 1 फूट उंचीला 12 फूट लांबीचा उतार देणे. पाणी ओसरीच्या कडेला अडते आणि माणूस कुठेच अडत नाही.

उरलेले आक्षेप

ओसरीमुळे आतली खोली अंधारी होते, असे म्हटले जाते. राष्ट्रीय इमारत संहितेने कोरड्या उष्ण प्रदेशात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक दशांश पुरेसे मानले आहे, तर दमट उष्ण प्रदेशात एक षष्ठांश. 20 चौरस मीटरच्या हॉलला त्या हिशोबाने 2 चौरस मीटर उघडझाप पुरते. काचेची भिंत त्याच्या साडेतीनपट होते. मराठवाड्याचे आकाश वर्षातले आठ महिने इतके लख्ख असते की इथे प्रश्न अंधाराचा नसून डोळे दिपण्याचा असतो. तरीही खोली मंद वाटली तर ओसरीच्या छपराच्या वर, भिंतीत उंचावर झरोके ठेवावेत. तापलेली हवाही त्यांतून बाहेर पडते.

ओसरी म्हणजे वाया गेलेली जागा, त्यापेक्षा एक बेडरूम निघाली असती, हा दुसरा आक्षेप. बेडरूम रात्री वापरली जाते. ओसरी पहाटेपासून रात्रीपर्यंत वापरात असते आणि उन्हाळ्यात रात्रीही. भिंती, प्लास्टर, खिडक्या, वायरिंग यांचा बहुतेक खर्च वाचतो. शिवाय ती घराच्या मागच्या भिंतीवर सावली धरते, म्हणजे न बांधलेल्या खोलीऐवजी असलेल्याच दोन खोल्या राहण्याजोग्या होतात.

तिसरा आक्षेप प्लॉट लहान असल्याचा. 30 बाय 40 फुटांच्या प्लॉटवर मागे पाच-सात फूटच उरतात. तिथे ओसरी घालताना नगरपंचायतीची परवानगी आणि राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतली सामासिक अंतरे पाहावी लागतात. ती बसत नसतील तर मागची पट्टी मोकळी ठेवून घरातली एखादी कोपऱ्यातली खोलीच उघडी करावी. तिच्या बाहेरच्या भिंतीत जाळी बसवली आणि मधले दार काढले की तीच ओसरी होते. भार वाहणारी भिंत मात्र अभियंत्याला विचारल्याशिवाय हलवू नये.

बांधणी कशी असावी

कामाची सुरुवात नकाशापासून नव्हे, परसातल्या सावलीपासून व्हावी. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचला घराची सावली कुठवर येते ते चुन्याने आखून ठेवावे. मग एक खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते पाहावे. मुरूम जवळ असेल तर पाया तिथवर न्यावा. काळी माती खोल असेल तर पायाखाली आणि भोवती न फुगणाऱ्या मुरमाचा ठोकून बसवलेला थर द्यावा. काळ्या मातीवरच्या बांधकामासाठी ही पद्धत मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासून रूढ केली. वजनदार बांधकामासाठी रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले पाइलही वापरले जातात. हलक्या ओसरीला बहुधा त्यांची गरज पडत नाही.

ओसरीचे खांब स्वतःच्या पायावर उभे राहावेत. जुन्या भिंतीत अँगल रोवून त्यावर छप्पर टेकवण्याची सवय मोडायला हवी. जुने घर एकदाचे बसलेले असते, नवे अजून बसायचे असते; दोघांची हालचाल वेगळी असते. मध्ये बोटभर फट ठेवून वरून पत्र्याची पन्हळ झाकावी. पत्रे हुकने पाइपला आवळावेत, त्यांच्यावर दगड ठेवू नयेत. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्या लावल्या आणि वरून पांढरा रंग दिला तर दुपारची धग पुष्कळ उतरते. खाली शहाबादी फरशी किंवा कोबा पुरेसा. फरशीला अंगणाकडे थोडा उतार द्यावा. कडेने दीड फूट उंचीचा ओटा ठेवला तर खुर्च्यांची गरज कमी होते.

शेवटी बाग. कडुनिंब पानगळीनंतर एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवा होतो, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी त्याची सावली तयार असते. पण काळ्या मातीत मोठ्या झाडाची मुळे पायाजवळचा ओलावा शोषून घेतात. म्हणून तो घरापासून त्याच्या वाढलेल्या उंचीएवढा लांब, कुंपणाशी असावा. प्लॉट तेवढा नसेल तर कडुनिंब रस्त्याकडेला लावावा आणि परसात कढीपत्ता, लिंबू, सीताफळ, जास्वंद, पारिजातक अशी लहान झाडे लावावीत. पश्चिमेच्या मांडवावर मधुमालती कायमची चढवावी किंवा फेब्रुवारीत दोडका लावावा. एप्रिलमध्ये सावलीही मिळते आणि भाजीही. ओसरीला लागून मोगरा आणि तुळस कुंड्यांत ठेवली म्हणजे पायाशी पाणी मुरत नाही. छपराचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यावे आणि टाकी भरली की ते घरापासून लांब सोडावे.

पैसे कमी असतील तर खर्चाचा क्रमही याच विचाराने लागतो. आधी पायाजवळचे पाणी दूर काढणे, मग ओसरीचा पाया आणि खांब, मग छप्पर, मग जाळीचे दार, मग मांडव. या पाच गोष्टी झाल्यावर पैसे उरले आणि काचेची हौस राहिलीच, तर ती ओसरीच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीत, एखाद्या खिडकीपुरती भागवावी. तेवढ्या काचेने घराचे नुकसान होत नाही. हाच क्रम उलटा लावून आधी काच बसवणाऱ्याला दोन उन्हाळ्यांनंतर तिच्यापुढे पत्र्याची पडवी घालावीच लागते, आणि तो खर्च भिंत पाडण्याच्या खर्चावर चढतो.